तेरेनो या शब्दाचा दिग्विजय

७ जानेवारी, सकाळ

सण संपले. काल एर्सिलियाने येशूजन्माचा देखावा खोक्यात भरून माळ्यावर टाकला आणि आज मी माझ्या आयुष्याचं खरं काम टेबलावर घेतलं. जन्मभर वेनाफ्रोच्या हायस्कुलात लॅटिन शिकवलं. मुलांनी ते विसरून दाखवलं. आता रिटायर झालोय, कुणाची आडकाठी नाही.

विषय: तेरेनुस. लॅटिन शब्द. मातीचा, मातीतला, या भूलोकीचा. रोमचं राज्य बुडालं, हा शब्द बुडाला नाही. आम्ही इटालियन तेरेनो म्हणतो, स्पेनवाले आणि पोर्तुगीज तेरेनोच म्हणतात, फ्रेंच नाकातून तेरँ म्हणतात, रुमानियात तेरेन. लिस्बनपासून बुखारेस्टपर्यंत एका चिखलातल्या शब्दाने पाय रोवले, आणि त्याची साद्यंत हकीकत अजून कुणी लिहिलेली नाही. कुणी लिहिली असेल तर माझ्या वाचनात नाही, म्हणजे नाहीच. तीन खंड होतील. पहिला खंड नोव्हेंबरात ऑलिव्ह उतरवायच्या आत पूर्ण.

एर्सिलियाला सांगितलं. ती म्हणाली, बरं, आणि बाथरूमचा नळ? थोरांच्या बायका सगळीकडे सारख्याच.

९ जानेवारी

लिहिलं नाही. उजेड समोरून डोळ्यांवर येतो. टेबल फिरवलं. आता पाठीमागून येतो आणि कागदावर माझीच सावली पडते. विचार करायला उजेड बाजूने लागतो. उद्या पुन्हा फिरवेन.

१७ जानेवारी

संत आंतोनियोच्या सणाची शेकोटी. चौकात निकांद्रो भेटला आणि घरापर्यंत सोडायला आला. निकांद्रो म्हणजे आमचा शेजारी. टेकडीखालची वडलांची ऑलिव्हची बाग तोच बघतो. वडील गेले, त्या पुढच्या वसंतात त्याने नांगर घातला. मी जा म्हटलं नाही, ये म्हटलं नाही. माझे गुडघे तेव्हाही असेच होते. नांगरणी, छाटणी, फवारणी सगळं तो स्वखर्चाने करतो आणि दर जानेवारीत तेलाचे दोन डबे दारात ठेवतो. विद्येबद्दलचा आदर, दुसरं काय. त्याचा मुलगा माझ्या हाताखाली लॅटिनमध्ये पास झाला होता. (मीच केला होता.) माझ्याशी बोलताना अजून टोपी काढून हातात धरतो आणि मानाने प्रोफेसर म्हणतो.

यंदा डबे नाहीत. एक बाटली, लाल रिबीन बांधलेली. दारात उभा राहून दोनदा म्हणाला, प्रोफेसर, ही भेट आहे हं, बाकी काही समजू नका, निव्वळ भेट. किती नाजूक मनाचा माणूस. एर्सिलिया बाटली उजेडात धरून म्हणाली, दोन डब्यांची बाटली झाली आणि तू रिबीन बघत बसलास.

३ फेब्रुवारी

पहिलं पान झालं. सिद्धान्त असा: पाद्री देवळात सांगायचे, एक स्वर्गातलं जीवन, एक तेरेनो, म्हणजे या मातीतलं. शेतकऱ्याने मागच्या बाकावरून ऐकलं आणि ठरवलं, मातीतलं म्हणजे माझ्या बांधापलीकडचा तो तुकडा. स्वर्ग पाद्र्याकडे राहिला, तुकडा शेतकऱ्याने घेतला. असा शब्द देवळातून वावरात आला आणि वावरा-वावराने फ्रान्स-स्पेनपर्यंत पोचला.

हे फारच सुंदर जमलं. दिवसभर तेच वाचत होतो, त्यामुळे दुसरं पान राहिलं.

११ फेब्रुवारी

तोरिनोहून इलेनियाचा फोन. आमची एकुलती एक. तिच्या ऑफिसात लोक कमी करताहेत आणि तिला तसाही त्या शहराचा वीट आलाय. नवऱ्याला घेऊन गावी परत यायचं म्हणते. आजोबांची बाग कसायची, तेल काढायचं, वरच्या पडक्या खोपटात पाहुण्यांसाठी दोन खोल्या बांधायच्या. आवाज इतका हलका बऱ्याच वर्षांत ऐकला नव्हता. फोन ठेवल्यावर एर्सिलिया ओट्याशी उभी राहून रडली आणि म्हणाली, कांद्यामुळे. कांदा टोपलीतच होता.

इलेनियाने विचारलं, बाबा, निकांद्रोकाकांशी काही करार आहे का, कागद वगैरे? म्हटलं, तू निश्चिंत राहा, हा विषय माझ्यावर सोड. उद्याच बोलतो.

१२ फेब्रुवारी

बोललो. बारमध्ये निकांद्रोला कॉफी पाजली आणि बागेकडे वळायचं म्हणून शब्दापासून सुरुवात केली. पोर्तुगालपर्यंत आलो तेव्हा बार बंद व्हायची वेळ झाली. त्याने एक जांभई दिली नाही. मध्येच काहीतरी थंडीबद्दल आणि एका झाडाबद्दल सांगत होता. मी ठीक आहे, ठीक आहे म्हणून मुद्द्यावर परत आणलं. निघताना त्याने एवढंच विचारलं, प्रोफेसर, तुमचं खाली बागेत येणं काही होत नाही ना? म्हटलं, या गुडघ्यांनी? तो म्हणाला, नका येऊ, जपा.

पायाभरणी झाली. मुख्य विषय पुढच्या खेपेला.

२ मार्च

ग्रंथासाठी प्रत्यक्ष प्रवास हवा. लिस्बन, मग बुखारेस्ट. नकाशावर रस्ता आखला. सुरुवात म्हणून आज वेनाफ्रोच्या लायब्ररीत निघालो. बस चुकली. पुढच्या बसला वेळ होता म्हणून घरी आलो आणि जेवल्यावर डोळा लागला.

रुमानियाचं काम मात्र जाग्यावर झालं. एर्सिलियाच्या मावशीला सांभाळायला दोयना नावाची रुमानियन बाई आहे. विचारलं, तेरेन म्हटलं की तुझ्या डोळ्यांसमोर काय येतं? ती म्हणाली, फुटबॉलचं मैदान, आणि जरा पाय वर करा, पुसतेय. लोकांच्या जिभेवर शब्दाची ही अशी घसरण होते. हे उदाहरण ग्रंथात घेणार नाही.

ईस्टरचा सोमवार

इलेनिया आणि जावई सांद्रो चार दिवसांसाठी आलेत. आज सगळं गाव कोकराचं मटण घेऊन रानात गेलं. ही दोघं टोपली घेऊन आपल्या बागेत गेली आणि दोन तासांत जशीच्या तशी टोपली घेऊन परतली.

बागेला तारेचं कुंपण आहे. लोखंडी फाटक आहे, फाटकाला कुलूप आहे आणि वर पत्र्यातून कापून निकांद्रोच्या नावाची अक्षरं बसवली आहेत. इलेनियाचा चेहरा पांढरा पडला होता. विचारत होती, बाबा, हे तुला माहीत होतं? म्हटलं, अगं, रानडुकरांसाठी आहे. पदरमोड करून घातलंय बिचाऱ्याने. सांद्रो म्हणाला, डुकरांना अक्षरं वाचता येत असतील. जावयाशी मी वाद घालत नाही.

मग तिने मला समोर बसवून शाळामास्तरणीसारखं समजावलं. वीस वर्षं एखाद्याने दुसऱ्याची जमीन उघडपणे, मालकाच्या थाटात, बिनहरकत कसली, तर कोर्ट ती त्याच्या नावावर करून देतं. बाग वाचवायचा रस्ता एकच: तो तुझ्या परवानगीने कसतोय, तेल देतो ते भेट म्हणून नाही तर भाडं म्हणून, असं दिसलं पाहिजे. म्हणून बाबा, त्याच्याकडून एक ओळ लिहून घे. मी प्रोफेसरांच्या परवानगीने बाग वापरतो, खाली सही. वीस वर्षं झालीच असतील, पण तो भला माणूस आहे, तू मागितलीस तर देईल. बाकी काही नको मला, एवढी एक ओळ.

हल्लीच्या मुलांचा माणसांवर विश्वासच नाही. तरी शब्द दिला. मे उजाडायच्या आत ओळ घेतो.

२९ एप्रिल

ओळ घेतली नाही. विचार केला. जो माणूस माझ्यासमोर टोपी काढतो त्याच्यापुढे सहीला कागद सरकवायचा? माझीच मान खाली जाईल. शिवाय त्या ओळीचा मसुदा नीट व्हायला हवा. परवानगी हा शब्द मला कोरडा वाटतो. संमती बरा, पण त्यात जरा वाकल्यासारखं होतं. दोन्ही शब्द ताडून बघतोय.

एर्सिलिया म्हणाली, उंटावरून शेळ्या हाकणं पुरे, चपला घाल आणि जा. गेलो. निकांद्रो घरी नव्हता. बागेत होता म्हणे.

२३ मे

ग्रंथ फ्रेंच सीमेवर अडलाय. तेरेनुसचा तेरँ होताना मधल्या स्वराचं काय झालं हे मला पटत नाही. फ्रेंच लोकांनी शब्द घेतला, पण हमरस्ता सोडून कुठल्या तरी पाऊलवाटेने नेला. हे सुटेपर्यंत इतर कामांत मन घालता येणार नाही.

इलेनियाचा फोन. म्हटलं, चाललंय.

८ जुलै

आनंदाची बातमी. ऑगस्टातल्या जत्रेत पालिका दर वर्षी सांस्कृतिक संध्याकाळ ठेवते. यंदा माझं व्याख्यान. वेळ सॉसेजच्या स्टॉलच्या आधीची, म्हणजे गर्दीचीच. निकांद्रो स्वतः घरी आला आणि म्हणाला, प्रोफेसर, आमचं अख्खं घराणं येणार, मी सांगून ठेवलंय. त्याचा पुतण्या फाब्रित्सियो इसेर्नियात वकिली करतो. तो म्हणे चांगला कॅमेरा आणून पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत रेकॉर्ड करणार. असं काही जपून ठेवलं पाहिजे, असं त्याचं मत.

तरुणांत अजून जाण आहे. ओळीचं मात्र व्याख्यानानंतर बघू. आत्ता काढलं तर सौदा केल्यासारखं दिसेल.

१४ ऑगस्ट, व्याख्यानानंतर

दिग्विजय! सभागृह तुडुंब. निकांद्रोच्या घरचेच चाळीसेक, झाडून सगळे इस्त्रीच्या कपड्यांत. पहिल्या रांगेत पाद्रीबाबा, फौजदारसाहेब, पालिकेची माणसं.

तेरेनुस देवळातून वावरात कसा आला ते सांगितलं. शांतता. फ्रेंच पाऊलवाट सांगितली. जास्त शांतता. मग जाणवलं, लोकांना जवळचं उदाहरण हवंय, आणि आपोआप तोंडून गेलं: मंडळी, लांब कशाला जाता, माझ्या वडलांची बागच बघा. वडील गेल्यापासून मी तिथे पाऊल टाकलेलं नाही. नांगर निकांद्रोचा, घाम निकांद्रोचा, फाटक निकांद्रोचं. कागदावर माझं नाव असेल, पण कागदाला ऑलिव्ह लागत नाहीत. माती त्याची, शब्द माझा.

टाळ्यांचा कडकडाट. निकांद्रोच्या बायकोने डोळे पुसले. चाळीस वर्षं शिकवलं, टाळी आज पडली.

प्रश्नोत्तरांत फाब्रित्सियो उठला. काय अदब. म्हणाला, सर, ते शेवटचं वाक्य मागच्या रांगांसाठी पुन्हा म्हणाल का? म्हटलं. मग म्हणाला, हे साधारण किती वर्षं चालू आहे? मी म्हटलं, बावीस तर झाली, माझ्या स्मरणशक्तीवर जाऊ नका. लोक हसले. शेवटी म्हणाला, आणि काकांनी कधी तुमची परवानगी घेतली होती? मी हात पसरून म्हटलं, पाऊस परवानगी घेतो? त्याने कधी मागितली नाही, मी कधी दिली नाही. पुन्हा टाळ्या. फौजदारसाहेबांनीसुद्धा मान डोलावली.

एर्सिलिया दोन्ही हातांत तोंड झाकून बसली होती. सभागृहात उकडत फार होतं. घरी येताना माझ्या दहा पावलं पुढे चालत होती. भारावली असणार.

१७ सप्टेंबर, रविवार

जेवणानंतर निकांद्रो आणि फाब्रित्सियो आले. हातात मिठाईचा ट्रे, रिबीन बांधलेला. मला वाटलं, व्याख्यानाच्या रेकॉर्डिंगची प्रत द्यायला आलेत. प्रत खरंच आणली होती. मात्र कोर्टात देण्याआधी सभ्यपणे कळवावं म्हणून.

फाब्रित्सियोने बागेच्या दाव्यासाठी मूळ लॅटिन संज्ञा वापरली, उझुकापियो. मला कौतुक वाटलं. त्याला थांबवून तिची फोड करून सांगितली, उझु म्हणजे वापराने, कापियो म्हणजे ताब्यात घेणं, आणि रोमन लोक ती कुठे कुठे वापरत तेही सांगितलं. दोघांनी शांतपणे ऐकलं. मग एर्सिलियाने विचारलं, म्हणजे बाग गेली? फाब्रित्सियो म्हणाला, काकू, बाग कधीच गेली होती, आता फक्त कागद व्हायचा राहिलाय. साक्षीदार खूप आहेत, त्यांतले मुख्य स्वतः सर.

निकांद्रो खालमानेने टोपी फिरवत होता. म्हणाला, प्रोफेसर, मी वर्षानुवर्षं वाट बघितली की तुम्ही एकदा तरी खाली याल आणि म्हणाल, निकांद्रो, ही माझी आहे. तुम्ही म्हणाला असतात तर मी कुलूप काढलं असतं. माझेही गुडघे दुखतात हो.

मिठाई चांगली होती. मी दोन खाल्ल्या. एर्सिलियाने हात लावला नाही.

२६ सप्टेंबर

लढणार. इसेर्नियातला सगळ्यात नामांकित वकील गाठला. त्याला म्हटलं, ते सगळं बोलण्याच्या ओघातलं होतं, व्याख्यानाला अलंकार लागतात. त्याने रेकॉर्डिंग शेवटपर्यंत ऐकलं. मग विचारलं, हे भाषण तुम्हाला कुणी लिहून दिलं होतं? म्हटलं, माझंच आहे. तो म्हणाला, मग तुम्हाला वकिलाची गरज नव्हती, समोरच्यांनाही नव्हती. घरी जा.

४ ऑक्टोबर

इलेनियाला मीच सांगितलं. एर्सिलियाने फोन लावून माझ्या हातात दिला आणि गॅलरीत जाऊन उभी राहिली.

मी सुरुवात जरा मागून केली. तिने मध्येच थांबवलं आणि विचारलं, बाबा, ओळ घेतलीस का, एवढंच सांग. म्हटलं, मसुदा चालू होता. मग म्हणाली, मी तुझ्याकडे पुस्तक मागितलं नव्हतं रे. एक ओळ मागितली होती.

चिडली असती तर बरं झालं असतं. तिने ऑफिसचा नवा करार घेतलाय, सांद्रोनेही. तोरिनोतच राहणार. नाताळला जमलं तर येऊ म्हणाली. आईकडे फोन दे म्हणाली. मी दिला आणि टेबलाशी येऊन बसलो. उजेड अगदी बाजूने येत होता. काही लिहिलं नाही.

६ नोव्हेंबर, संध्याकाळ

घरातलं तेल संपलं. यंदा बाटली येणार नाही हे मलाही कळतं. एर्सिलिया म्हणाली, निकांद्रोला ऑलिव्ह उतरवायला माणसं कमी पडताहेत, त्याचे मुलगे जर्मनीत. जो जातो त्याला मजुरीचं तेल मिळतं. तिने माझे जुने बूट दारात काढून ठेवले होते.

गेलो. ग्रंथाच्या दृष्टीने हे प्रत्यक्ष क्षेत्रकार्यच आहे.

फाटक उघडं होतं. आत पाऊल टाकलं तेव्हा माती मऊ लागली, नुकतीच भुसभुशीत केलेली. निकांद्रो शिडीवर होता. हातात ऑलिव्ह ओरबाडायची फणी, टोपी डोक्यावर. वरून बघून म्हणाला, एवारिस्तो, आलास का, शिडी धर, हलतेय. गावात मला नावाने हाक मारणारे वडील शेवटचे. मी शिडी धरली.

जेवणाच्या सुट्टीत एक झाड शोधत फिरलो. इलेनिया जन्मली त्या आठवड्यात वडलांनी लावलेलं. विहिरीच्या वरच्या अंगाला असायला हवं. सापडेना. निकांद्रोला विचारलं. तो म्हणाला, ते यंदाच्या थंडीत जळलं रे. तुला सांगितलं होतं मी, फेब्रुवारीत, बारमध्ये. तू म्हणालास, ठीक आहे, ठीक आहे, आणि पोर्तुगालचं सांगत राहिलास.

मी तिथेच बांधावर बसलो आणि रडलो. निकांद्रोने पाव आणि चीज पुढे केलं. म्हणाला, खा, अजून दोन रांगा राहिल्यात.

संध्याकाळी मजुरीचा डबा घेऊन चढण चढून घरी आलो. रिबीन नव्हती. एर्सिलियाने पाव भाजला, वर तेल ओतलं, मीठ टाकलं, आणि आम्ही दोघांनी उभ्यानेच खाल्लं. ती म्हणाली, सासऱ्यांच्या वेळचीच चव आहे. मग इलेनियाला फोन केला. तेल चांगलं उतरलंय म्हटलं. ती म्हणाली, एक बाटली पाठव.

पहिला खंड जरा पुढे गेला. हात इतके भरून आलेत की पेन धरवत नाही. उद्या सकाळी सहाला परत बोलावलंय. हातमोजे आपले आपण आणायचे.